झोपेच्या चाचणीचे स्वयंचलित स्कोअरिंग : सोलापूर येथील प्रकल्पाच्या नोंदी

२० जानेवारी २०२५, सोमवार

गड्ड्याच्या यात्रेमुळे पुढे ढकललेली पहिली बैठक आज रुग्णालयातच झाली. येथे दोन खाटांची स्लीप लॅब आहे. रुग्ण रात्री नऊच्या सुमारास जेवूनच येतो. त्यानंतर डोके, डोळ्यांच्या कडा, हनुवटी, छाती आणि पोटऱ्या यांवर लीड (विद्युत सिग्नल टिपणाऱ्या, टोकाला छोटा कप असलेल्या तारा) लावले जातात, नाकाशी हवेचा प्रवाह मोजणारी नळी बसते, छाती व पोटावर पट्टे बांधले जातात, बोटाला ऑक्सिमीटर लागतो आणि सकाळपर्यंत हे सगळे सिग्नल एकाच फाइलमध्ये साठत राहतात. आठ तासांच्या नोंदीचे तीस सेकंदांच्या हिशेबाने ९६० तुकडे होतात. या तुकड्यांना एपॉक म्हणतात आणि प्रत्येक एपॉक पाहून रुग्ण जागा होता, हलक्या झोपेत होता, गाढ झोपेत होता की रेम (डोळ्यांच्या जलद हालचालींच्या) झोपेत होता, हे तंत्रज्ञाने ठरवायचे असते. त्यावर पुन्हा श्वास अडखळल्याच्या घटना, मेंदूची क्षणिक जाग आणि पायांच्या हालचाली यांच्या खुणा करायच्या. सरावलेल्या हातालाही एका रात्रीसाठी साधारण दीड ते दोन तास लागतात आणि आदल्या रात्रीचे काम संपेपर्यंत पुढच्या रुग्णाची वेळ होते.

आमच्याकडे आलेली मागणी अशी की पहिला हात सॉफ्टवेअरने फिरवावा, तंत्रज्ञाने तो तपासावा आणि निदानाचा अहवाल डॉक्टरांनीच द्यावा. छातीविकारतज्ज्ञ असलेल्या मॅडमांनी बैठकीत एकच अट घातली : "जिथे मशीनला शंका आहे तिथे मला शंकाच दिसली पाहिजे, उत्तर नको." ही अट कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवली आहे. पुढचे बरेच निर्णय तिच्यावरच ठरतील असे दिसते.

२८ जानेवारी २०२५, मंगळवार

जुन्या नोंदींची पहिली खेप मिळाली. फाइली ईडीएफ (युरोपियन डेटा फॉरमॅट) प्रकारातल्या आहेत. हे स्वरूप १९९२ मध्ये युरोपातील संशोधकांनी ठरवले आणि २००३ मध्ये त्याची ईडीएफ प्लस ही सुधारित आवृत्ती आली. त्याची रचना अत्यंत साधी आहे : सुरुवातीला २५६ बाइटचे शीर्षक, मग प्रत्येक सिग्नलसाठी आणखी २५६ बाइट आणि त्यापुढे १६ बिटच्या पूर्णांकांची रांग. साधेपणामुळेच ते आजवर टिकले आहे. मात्र शीर्षकातली पहिली आठ अक्षरे संपली की लगेच पुढची ८० अक्षरे रुग्णाच्या ओळखीसाठी राखलेली असतात आणि बहुतेक मशिने तेथे रुग्णाचे पूर्ण नाव उघडपणे लिहून मोकळी होतात. फाइलचे नाव बदलले म्हणजे ओळख पुसली गेली, असा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाही. म्हणून फाइल लॅबच्या संगणकावरून बाहेर पडण्यापूर्वीच ही ८० अक्षरे आणि त्यापुढची नोंदीच्या तपशिलाची ८० अक्षरे पुसून तेथे केवळ एक क्रमांक ठेवणारी छोटी आज्ञावली सर्वांत आधी लिहिली. तपासताना लक्षात आले की तंत्रज्ञ रात्री टिपणे टाकताना रुग्णाचा किंवा सोबतच्या नातेवाइकाचा उल्लेख नावाने करतात आणि ती टिपणे ईडीएफ प्लसच्या भाष्यांमध्ये जशीच्या तशी राहतात. तीही आता गाळली जातात.

चॅनलांच्या नावांचा गोंधळ अपेक्षेप्रमाणेच निघाला. एकाच लीडला एका मशिनात एक नाव, दुसऱ्यात दुसरे. काही फाइलींत संदर्भाचा लीड (ज्याच्याशी इतर लीड ताडले जातात तो) वजा करून साठवलेला, काहींत तो वेगळा ठेवलेला. यावर नावांचा तक्ता करण्यापलीकडे उपाय नाही.

५ फेब्रुवारी २०२५, बुधवार

नियमपुस्तिकेचे वाचन. सध्या जगभर अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनचे नियम वापरले जातात. त्यांची पहिली आवृत्ती २००७ ची. त्याआधी जवळजवळ चार दशके १९६८ चे रेख्टशाफेन आणि केल्स यांचे नियम चालत होते. जुन्या नियमांत गाढ झोपेचे तिसरा आणि चौथा असे दोन टप्पे होते. नव्यांत ते एकत्र करून एन-३ केले गेले. आता जागेपण, एन-१ व एन-२ (हलकी झोप), एन-३ (गाढ झोप) आणि रेम अशा पाचच खुणा उरल्या आहेत.

तीस सेकंदच का, हा प्रश्न आमच्यातल्या नव्या प्रोग्रामरने विचारला आणि तो योग्यच होता. पूर्वी मेंदूचे आलेख सरकत्या कागदावर शाईने उमटत. कागदाचा वेग सेकंदाला १० मिलिमीटर ठेवला की ३० सेंटिमीटरच्या एका पानावर बरोबर तीस सेकंद बसतात. कागद गेला तरी पान राहिले. झोप काही पानापानांनी बदलत नाही. एकाच एपॉकमध्ये आधी जाग आणि नंतर झोप असू शकते आणि अशा वेळी ज्या अवस्थेचा वाटा जास्त तिची खूण करावी, असा नियम आहे.

नियम वाचताना आणखी एक बाब ठळकपणे समोर आली. एन-२ ठरवण्यासाठी के-कॉम्प्लेक्स किंवा स्पिंडल, म्हणजे मेंदूच्या आलेखातली ठरावीक आकाराची लहर, हवे. पण ते त्याच एपॉकच्या पहिल्या अर्ध्यात किंवा मागच्या एपॉकच्या शेवटच्या अर्ध्यात असले तरी चालते आणि एकदा एन-२ सुरू झाली की ती मोडणारे काही घडेपर्यंत पुढचे रिकामे दिसणारे एपॉकही एन-२ च ठरतात. रेमच्या बाबतीतही मागचे-पुढचे पाहावे लागते. म्हणजे एपॉक सुटा करून ओळखण्याचा जो सोपा प्रकार विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सर्रास दिसतो, तो नियमांनाच धरून नाही. आपल्या मॉडेलला शेजारचे एपॉक दिसलेच पाहिजेत.

१४ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

अचूकता कशाशी ताडून पाहायची, यावर आज बराच वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. येथे 'बरोबर उत्तर' असे काही नसते. दोन अनुभवी माणसांनी एकच रात्र स्वतंत्रपणे स्कोअर केली तर त्यांच्या खुणा सर्वत्र जुळत नाहीत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अडीच हजारांहून अधिक स्कोअर करणाऱ्यांची सरासरी सहमती ८२.६ टक्के होती. रेममध्ये ती ९० टक्क्यांच्या पुढे गेली, पण एन-१ मध्ये अवघी ६३ टक्के राहिली. यात कोणाचा निष्काळजीपणा नाही. एन-१ हा मुळातच उंबरठा आहे. बंद डोळ्यांतला ८ ते १३ हर्ट्झचा अल्फा लय एपॉकच्या निम्म्याहून कमी भागात उरला आणि त्याजागी कमी उंचीच्या मिश्र लहरी आल्या की एन-१ समजायची. आता निम्म्याहून कमी म्हणजे चौदा सेकंद की सोळा, हे डोळ्याने ठरवताना माणसे दोन्हीकडे झुकतात. शिवाय काही माणसांच्या मेंदूत डोळे मिटल्यावरही अल्फा लय जेमतेम दिसतो.

तेव्हा 'आमचे सॉफ्टवेअर ९५ टक्के अचूक' असा दावा कोणी केला, तर त्याने कोणत्या एका माणसाची नक्कल केली, हे आधी विचारावे लागेल. नुसती टक्केवारीही फसवी असते. निरोगी प्रौढाच्या रात्रीचा साधारण निम्मा भाग एन-२ असतो. प्रत्येक एपॉकवर डोळे झाकून एन-२ लिहिणारी आज्ञावलीही निम्मे गुण मिळवील. म्हणून योगायोगाने जुळलेला भाग वजा करणारा 'कोहेनचा कप्पा' हा सहमतीचा निर्देशांक वापरायचा आणि तोही प्रत्येक टप्प्यासाठी स्वतंत्र मांडायचा, असे ठरले. तपासणीसाठी राखून ठेवलेल्या रात्री दोन तंत्रज्ञ एकमेकांचे न पाहता स्कोअर करतील. ज्या एपॉकवर त्यांचे जमणार नाही तेथे मॅडम निर्णय देतील, पण मूळ मतभेदाची नोंद पुसायची नाही. माझ्या मते हा मतभेदच या प्रकल्पातली सर्वांत मौल्यवान माहिती आहे, कारण सॉफ्टवेअरने कोठे अडखळायला हवे, हे त्यावरूनच कळणार आहे.

३ मार्च २०२५, सोमवार

मॉडेलची निवड. शून्यापासून शिकवण्याइतक्या रात्री आपल्याकडे नाहीत आणि त्याची गरजही नाही. मुक्त स्रोतातले यासा हे साधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ते अमेरिकेतल्या नॅशनल स्लीप रिसर्च रिसोर्सच्या तीस हजार तासांहून अधिक नोंदींवर शिकवलेले आहे आणि एक मेंदूचा, एक डोळ्याचा व एक हनुवटीचा लीड एवढ्यावर काम करते. प्रत्येक एपॉकसाठी ते पाचही टप्प्यांची संभाव्यता देते, हे आमच्या दृष्टीने महत्त्वाचे. त्याच्यावर आपला थर चढवायचा : आधी सिग्नलचा दर्जा तपासणे, मग यासाचा अंदाज आणि शेवटी कोणता एपॉक तंत्रज्ञाकडे परत पाठवायचा याचा निर्णय.

मेंदूच्या लहरी देश पाहून बदलत नाहीत, हे खरे असले तरी नोंदीची परिस्थिती बदलते. तो फरक कोठे कोठे बोचतो, हे येत्या महिन्यांत दिसेलच.

१९ मार्च २०२५, बुधवार

रात्री लॅबमध्ये थांबून लीड लावण्याचे काम पाहिले. कार्यालयात बसून सिग्नलच्या दर्जाविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी पाहावे. तंत्रज्ञबाईंनी टेपने डोक्याची मापे घेतली, रंगीत पेन्सिलीने खुणा केल्या, केस दुभागून खडबडीत पेस्टने त्वचा घासली, लीडच्या टोकाचा करंगळीच्या नखाएवढा सोनेरी कप वाहक पेस्टने भरून दाबून बसवला आणि वर गॉजचा तुकडा लावला. रुग्ण आजोबा होते आणि सांगूनही डोक्याला खोबरेल तेल चोपडून आले होते. मशिनाने लीडचा रोध (त्वचेशी होणारा विद्युत अडथळा) दाखवला तेव्हा तो पाच किलोओहमच्या मर्यादेच्या कितीतरी वर होता. "आजोबा, तेल लावू नका म्हटलं होतं ना?" यावर त्यांनी शांतपणे सांगितले, "तेल लावल्याशिवाय झोप येत नाही, बाई." स्पिरिटने पुसून, पुन्हा घासून रोध खाली आणण्यात बराच वेळ गेला.

यातून एक सुधारणा निघाली. रोधाची तपासणी रात्रीच्या सुरुवातीला आणि शेवटी होते, पण तो आकडा ईडीएफमध्ये बहुधा येत नाही. तो वेगळा घेऊन सॉफ्टवेअरला द्यायचा, म्हणजे एखादा लीड रात्रभर संशयास्पद आहे, हे आधीच माहीत असेल. रुग्णाला दिल्या जाणाऱ्या सूचनापत्रातली तेलाची ओळ आता ठळक अक्षरांत आणि सर्वांत वर जाईल.

९ एप्रिल २०२५, बुधवार

पारा चाळिशीच्या आसपास रेंगाळू लागला आणि सॉफ्टवेअरच्या अहवालांत गाढ झोप वाढू लागली. साठी ओलांडलेल्या, रात्रभर घोरणाऱ्या रुग्णांना तरुणांइतकी एन-३ दिसत होती. वयाबरोबर गाढ झोप घटते, विशेषतः पुरुषांत, त्यामुळे मॅडमांनी अहवाल पाहताक्षणी भुवया उंचावल्या.

कारण घामात सापडले. एन-३ साठी ०.५ ते २ हर्ट्झच्या, ७५ मायक्रोव्होल्टहून उंच लहरी एपॉकच्या किमान २० टक्के भागात, म्हणजे सहा सेकंद, दिसाव्या लागतात. घामातले क्षार लीडखाली साचले की कप आणि त्वचा यांच्यातला विद्युत विभव हळूहळू सरकतो आणि आलेखाची रेघ झोपाळ्यासारखी वरखाली हेलकावू लागते. हा हेलकावा बहुतांशी अर्ध्या हर्ट्झच्या खालचा असतो, पण त्याच्या कडा मंद लहरींच्या पट्ट्यात शिरतात आणि उंची तर सहज शंभर मायक्रोव्होल्ट ओलांडते. माणसाचा डोळा त्याला फसत नाही, कारण हेलकाव्याच्या पाठीवर जागेपणीच्या किंवा एन-२ च्या बारीक लहरी स्वच्छ दिसत असतात. पट्ट्यांतली ऊर्जा मोजणारे मॉडेल मात्र फसते.

एक एपॉक सगळ्यांनी मिळून पडद्यावर मोठा करून पाहिला. उजव्या बाजूचे तिन्ही लीड, पुढचा, मधला आणि मागचा, एकाच तालात हेलकावत होते, पुढे जास्त आणि मागे कमी असा कोणताही उतार नव्हता. खऱ्या मंद लहरी कपाळाच्या बाजूला सर्वांत उंच असतात. मागे त्या उतरतात. येथे तसे नव्हते, कारण हे तिन्ही लीड डाव्या कानामागच्या एकाच संदर्भ लीडशी ताडलेले होते आणि घाम त्या संदर्भाखालीच होता. उशीला टेकलेला कान, त्यामागची बंद जागा आणि उकाडा यांमुळे तेथेच सर्वांत आधी घाम धरतो. संदर्भ बदलून उजव्या कानामागचा लीड घेतला आणि तिन्ही रेघा जागच्या जागी सरळ झाल्या. मघाशी एन-३ वाटणारा एपॉक प्रत्यक्षात एन-२ होता. त्यात एक सुरेख स्पिंडलही होते.

सोपा उपाय म्हणून खालची गाळणी (तिच्याहून मंद लहरी काढून टाकणारी मर्यादा) ०.३ हर्ट्झवरून एक हर्ट्झपर्यंत चढवावी, अशी सूचना आली होती. ती नाकारली. त्याने घाम जाईल, पण खऱ्या मंद लहरींचाही मोठा भाग त्याबरोबर जाईल आणि मग तरुण रुग्णांची गाढ झोपच हरवेल. त्याऐवजी प्रत्येक एपॉक दोन्ही कानांमागच्या संदर्भांनी वेगवेगळा तपासायचा. उत्तरे जुळली तर ठीक, न जुळली तर अर्ध्या हर्ट्झच्या खालची ऊर्जा पाहून 'घामाची शंका' अशी खूण लावायची आणि तो एपॉक तंत्रज्ञाकडे पाठवायचा. दोन्ही कान घामेजले असतील तर शंका जाहीर करणे एवढेच सॉफ्टवेअरच्या हाती आहे.

मूळ उपाय अर्थातच खोलीचे तापमान हा आहे. लॅबमधला एसी एका खोलीला पुरतो. दुसरीत कूलर आहे आणि कूलरच्या दमट हवेत घाम वाळत नाही. रुग्णालयाला तसे लेखी कळवले आहे.

२४ एप्रिल २०२५, गुरुवार

शहराच्या पूर्व भागातले एक यंत्रमाग कामगार तपासणीसाठी आले. त्यांची रात्रपाळी कायमची असल्याने मॅडमांनी चाचणी दिवसा घेतली. सकाळी पाळीवरून थेट लॅबमध्ये आले, आठला दिवे मालवले. हा निर्णय योग्यच होता, कारण ज्या वेळी माणूस रोज झोपतो त्या वेळची झोप पाहिली पाहिजे.

सॉफ्टवेअरला मात्र हे पचले नाही. रात्री झोपणाऱ्या माणसाची पहिली रेम साधारण दीड तासाने येते आणि रेमचे मोठे टप्पे पहाटेकडे असतात, हा अनुभव मॉडेलने शिकवणीतून घेतलेला आहे आणि नोंद सुरू होऊन किती वेळ झाला, हाही त्याच्या गणितातला एक घटक आहे. सकाळी झोपणाऱ्याला रेम लवकर येऊ शकते, कारण शरीराच्या घड्याळाप्रमाणे ती वेळ रेमचीच असते. डोळ्यांच्या जलद हालचाली आणि हनुवटीचा ढिला पडलेला स्नायू स्पष्ट दिसत असतानाही सुरुवातीच्या काही एपॉकवर मॉडेलने एन-१ कडे कौल दिला. मात्र संभाव्यता काठावरच्या होत्या, हे त्यातल्या त्यात बरे. दिवसा घेतलेल्या नोंदींसाठी पहिल्या दोन तासांतले रेम आणि एन-१ यांमधले सर्व काठावरचे एपॉक परत पाठवायचे, असा नियम घातला. सोलापुरात पाळीवर काम करणाऱ्यांची संख्या पाहता हा अपवाद म्हणून सोडून देण्याजोगा विषय नाही.

८ मे २०२५, गुरुवार

श्वासाच्या घटनांचे काम सुरू झाले आणि येथे अवघड भाग तंत्रापेक्षा व्याख्येचा आहे. हवेचा प्रवाह किमान दहा सेकंद ९० टक्के किंवा त्याहून अधिक घटला तर ॲप्निया. किमान ३० टक्के घटला आणि त्याबरोबर रक्तातला ऑक्सिजन ३ टक्के उतरला किंवा मेंदूला क्षणिक जाग आली तर हायपॉप्निया. पण याच पुस्तिकेत दुसरी व्याख्याही मान्य आहे, जिच्यात ऑक्सिजन ४ टक्के उतरावा लागतो आणि जाग धरली जात नाही. एकाच रात्रीचे दोन आकडे निघतात आणि सडपातळ, कमी वयाच्या रुग्णांत ते बरेच दूर जाऊ शकतात. म्हणून अहवालावर कोणती व्याख्या वापरली, हे छापल्याशिवाय आकडा छापायचाच नाही, असे ठरवले. लॅबची पसंती पहिल्या व्याख्येला आहे.

ताशी घटनांचा निर्देशांक म्हणजे एएचआय ५ ते १५ असेल तर सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र. हा भागाकार दिसतो त्याहून नाजूक आहे. समजा सहा तास झोप आणि ८७ घटना, निर्देशांक १४.५, म्हणजे सौम्य. आता टप्पे ओळखताना सॉफ्टवेअरने अर्धा तास झोपेला जाग ठरवले आणि त्या अर्ध्या तासात पाच घटना होत्या, तर त्या गळतील आणि उरतील साडेपाच तासांत ८२. निर्देशांक १४.९. रुग्ण अजून सौम्यच. पण त्या अर्ध्या तासात एकही घटना नसेल तर ८७ भागिले ५.५, म्हणजे १५.८, आणि रुग्ण मध्यम गटात. झोपेच्या टप्प्यांतली चूक वर आणि खाली, दोन्हीकडून आकड्यात शिरते. सीमेजवळच्या निर्देशांकासोबत शंकास्पद एपॉक दोन्ही बाजूंनी धरून निघणारा खालचा आणि वरचा आकडाही द्यावा, ही मॅडमांची सूचना तत्काळ स्वीकारली. माझ्या मते या अहवालातली सर्वांत उपयोगी ओळ हीच ठरेल.

ऑक्सिजनची घसरण श्वासाच्या घटनेनंतर काही सेकंदांनी बोटापर्यंत पोहोचते; फुफ्फुसातून बोटाकडे रक्त जायला वेळ लागतो आणि ऑक्सिमीटरही काही सेकंदांची सरासरी काढतो. हृदय कमजोर असेल तर हा उशीर वाढतो. घटना आणि घसरण यांची जोडी लावताना ठरावीक अंतर न धरता त्या रुग्णाच्या रात्रीवरूनच ते काढायचे.

२० मे २०२५, मंगळवार

वळवाच्या पावसात वीज गेली, इन्व्हर्टर चालू झाला, पण नोंद मध्येच तुटली. ईडीएफ प्लसमध्ये तुटलेल्या नोंदीसाठी स्वतंत्र प्रकार आहे आणि तो न पाहता फाइल सलग वाचली तर पुढचे सगळे एपॉक सरकतात. तपासणी जोडली. इन्व्हर्टरवर चालताना ५० हर्ट्झची गुणगुण वाढते, हेही दिसले. ती झोपेच्या टप्प्यांना फारशी बाधत नाही, पण हनुवटीच्या लीडवर ती स्नायूचा ताण असल्याचा आभास निर्माण करते.

५ जून २०२५, गुरुवार

पडदा कसा असावा, यावरून आमच्यात आणि तंत्रज्ञांत खरा वाद झाला. आम्ही रात्रभराचा आलेख रंगीत करून, शंकास्पद भागावर करडी पट्टी ठेवली होती. तंत्रज्ञबाई म्हणाल्या, "सर, तुमचं उत्तर आधी दिसलं की माझं मत तिकडंच वळतं. मला आधी कोरं पान द्या." त्यांचे म्हणणे पटले. यंत्राचा कौल समोर असला की माणूस त्याला दुजोरा देऊ लागतो, ही प्रवृत्ती वैमानिकांपासून क्ष-किरणतज्ज्ञांपर्यंत सर्वत्र नोंदवली गेली आहे. आता करड्या पट्टीतल्या एपॉकवर सॉफ्टवेअरचे उत्तर झाकलेलेच राहते. तंत्रज्ञाने आपली खूण केल्यावर ते उघडते. खात्रीच्या एपॉकमधूनही काही एपॉक मधूनमधून कोरे दाखवले जातात, म्हणजे सॉफ्टवेअर आत्मविश्वासाने चुकत असेल तर तेही उघडकीला येईल.

याने थोडा वेळ जास्त लागतो. वेळ वाचवणे हे उद्दिष्ट असताना हे करावे का, असा प्रश्न व्यवस्थापनाकडून आला. माझे उत्तर असे की वाचलेला वेळ घामाच्या आणि उंबरठ्यावरच्या एपॉकवरच खर्च व्हायचा आहे.

२३ जून २०२५, सोमवार

कायदेशीर बाजू. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ चे असले तरी ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने १ एप्रिल २०२० पासून सॉफ्टवेअरही उपकरणाच्या व्याख्येत आले. सध्या आपले काम एका लॅबपुरते आणि तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली आहे. दुसऱ्या कोणत्याही रुग्णालयाला ते देण्यापूर्वी परवान्याचा मार्ग स्पष्ट करून घ्यावा लागेल आणि तोपर्यंत विक्रीची भाषा कोणीही करू नये, असे ठरले.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला, नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचण्याचा पर्याय रुग्णाला द्यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. सोलापुरात ही अपेक्षा कागदोपत्री ठेवून भागत नाही. संमतीपत्र मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी आणि उर्दूत करून घेतले. तेलुगू मसुदा पूर्व भागातल्या एका निवृत्त शिक्षकांनी वाचला आणि 'हे आमच्या घरी कोणी बोलत नाही' असे सांगून निम्मा बदलून दिला.

१४ जुलै २०२५, सोमवार

आषाढीच्या आठवड्यात काही कर्मचारी पंढरपूरला वारकऱ्यांच्या आरोग्यसेवेसाठी गेल्याने लॅब जवळजवळ बंद होती; त्या वेळात राखून ठेवलेल्या रात्रींची तपासणी पूर्ण केली. रेम आणि जागेपण यांत सॉफ्टवेअर दोन्ही तंत्रज्ञांच्या परस्पर सहमतीच्या जवळ पोहोचते. एन-१ मध्ये ते मागे आहे, आणि गंमत अशी की जेथे दोघा माणसांचे जमले नव्हते त्यांपैकी बहुतेक एपॉक त्याने स्वतःहून करड्या पट्टीत टाकले होते. मूळ अट बऱ्याच अंशी पुरी झाली, असे मॅडमांनी इतिवृत्तात लिहून दिले.

एक रात्र मात्र वेगळी निघाली. रुग्ण नैराश्यावरची गोळी घेत होते. अशा काही औषधांनी रेममध्ये स्नायू ढिले पडत नाहीत. डोळे भरभर फिरतात, मेंदूच्या लहरी रेमच्याच असतात, पण हनुवटीचा ताण कायम राहतो. सॉफ्टवेअरने हे सलग एपॉक जाग म्हणून आणि तेही खात्रीने नोंदवले. पट्टी करडी झालीच नाही. ते कोऱ्या दाखवलेल्या एपॉकमुळे पकडले गेले. औषधांची यादी रुग्णाच्या अर्जावर असतेच. ती आता नोंदीसोबत घ्यायची आणि अशी औषधे आढळल्यास हनुवटीच्या लीडवर आधारलेला जाग व रेम यांमधला कोणताही कौल खात्रीचा मानायचा नाही. औषधांच्या गटांची यादी मॅडम गुरुवारपर्यंत देतील. तोपर्यंत अशा रुग्णांची पूर्ण रात्र पूर्वीप्रमाणे हातानेच स्कोअर होईल.